मऊ प्रवाळाला दगडावर बसवताना

मऊ प्रवाळाला सुपरग्लू चिकटत नाही, असे खाऱ्या पाण्याच्या टाक्या ठेवणारे लोक सर्रास म्हणतात; ते तितकेसे खरे नाही. सुपरग्लू चिकटतो, आणि चांगला चिकटतो. अडचण अशी की तो ज्या पापुद्र्याला चिकटतो तो पापुद्राच प्रवाळ दोन-तीन दिवसांत अंगावरून उतरवून टाकते. सकाळी टाकीत डोकावावे तर दगडावर गोंदाचा पांढरा डाग जिथल्या तिथे असतो, त्यावर आपण बोटाने दाबल्याची खूणही असते, आणि प्रवाळ मात्र खाली वाळूत आडवे पडलेले किंवा मागच्या काचेपाशी, जिथे कोपरापर्यंत हात घालूनही बोट पोचत नाही अशा सांदीत, जाऊन अडकलेले असते.

सायनोअ‍ॅक्रिलेट या गोंदाचा इतिहास खरे तर अति चिकटण्याचाच आहे. अमेरिकेतल्या ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर १९४२ साली बंदुकांच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते, तेव्हा हे रसायन त्यांच्या हाती लागले आणि ते जिथे तिथे चिकटते म्हणून बाजूला सारले गेले. १९५१ साली ते पुन्हा समोर आले तेव्हा त्याची खरी किंमत कळली आणि १९५८ साली ते गोंद म्हणून बाजारात आले. पुढे व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांचा रक्तस्राव थांबवण्यासाठी त्याचा फवारा वापरला गेला, आणि १९९८ साली त्याच कुळातल्या एका गोंदाला त्वचेवरील जखमा सांधण्यासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. आपल्याकडे घरोघरी सापडणारे फेविक्विक हेही याच जातीचे. त्याला घट्ट व्हायला ओलावा लागतो, म्हणून ते पाण्याखाली चालते. आणि म्हणूनच पाण्यात शिरताक्षणी त्याच्या पृष्ठभागावर कडक कवच धरते. ज्या गोंदाने माणसाची कातडी सांधता येते, त्याने एवढ्याशा मऊ जिवापुढे हात का टेकावेत, हा प्रश्न मला या छंदाच्या सुरुवातीपासून छळत होता.

त्याचे उत्तर शरीराच्या घडणीत आहे. कठीण प्रवाळाला चुन्याचा सांगाडा असतो, आणि आपण गोंद लावतो तो सांगाड्याला, म्हणजे दगडाला. वरच्या जिवंत थराशी त्या गोंदाचा संबंधच येत नाही. फ्लोरिडा कीज बेटांजवळ केन नेडिमायर यांनी २००७ साली सुरू केलेल्या कोरल रिस्टोरेशन फाउंडेशनचे पाणबुडे शिंगाळ प्रवाळाच्या फांद्या उजाड झालेल्या खडकांवर लावतात ते दोन भाग मळून केलेल्या एपॉक्सी पुट्टीच्या गोळ्यांनी, आणि त्या फांद्या समुद्राच्या लाटांतही टिकतात. (नेडिमायर मूळचे मत्स्यटाक्यांसाठी दगड पुरवणारे, हे मला या सगळ्यात विशेष वाटते.) मऊ प्रवाळाकडे असा सांगाडा नसतो. त्याच्या मांसात चुन्याचे सूक्ष्म काटे विखुरलेले असतात आणि बाकी सारा डोलारा आत भरलेल्या पाण्याच्या दाबावर उभा असतो; कापले, हलवले किंवा घाबरवले की ते पाणी सोडते आणि तळहाताएवढे प्रवाळ पाहता पाहता अंगठ्याएवढे होते. शिवाय त्याच्या अंगावर बुळबुळीत स्राव सतत पाझरत असतो. त्यावर गोंद लावणे म्हणजे नुकत्याच चिरलेल्या भेंडीला डिंक लावून ती भिंतीवर चिकटवण्यासारखे आहे.

लेदर म्हणून ओळखले जाणारे सार्कोफायटन आणि त्याचे भाऊबंद तर याच्याही पुढे जातात. मधून मधून ते आपले सर्व पॉलिप, म्हणजे अंगावरची फुलासारखी बारीक तोंडे, आत ओढून घेतात, त्यांच्या अंगावर मेणासारखी चकाकी येते, आणि काही दिवसांनी वरची सबंध पातळ साल सुटून प्रवाहाबरोबर वाहून जाते. अंगावर बसलेले शेवाळ आणि गाळ झटकण्याची ही त्यांची रीत आहे. नवखा माणूस हे पाहून प्रवाळ मेले असे समजतो, आणि चांगले जिवंत प्रवाळ कचऱ्यात जाते. गोंदाचा ठिपका त्या दृष्टीने शेवाळापेक्षा वेगळा नाही. नको असलेली वस्तू अंगाला लागली, साल टाकली, सुटका झाली.

एवढे समजले की कामाचा रोखच बदलतो. प्रवाळाला दगडावर बसवणे हे आपले काम नव्हेच. दगड धरायचे काम प्रवाळाचा तळवा करतो, तिथले मांस हळूहळू पसरून दगडाच्या खाचाखळग्यांत शिरते आणि मग ओढूनही सुटत नाही. आपण फक्त तोवर त्याला दगडापासून लांब जाऊ द्यायचे नाही. गोंद, दोरा, जाळी, रबर, काडी ही सारी साधने तेवढ्या मुदतीपुरती आहेत, आणि त्यांच्यात चांगले-वाईट ठरते ते किती घट्ट धरतात यावरून नाही, तर प्रवाळाला न दुखवता किती दिवस थांबवून ठेवतात यावरून.

मी न्यू जर्सीत राहते. इथल्या दुकानांत प्रवाळाचे तुकडे बहुधा सिरॅमिकच्या छोट्या चकतीवर आधीच बसवलेले मिळतात, त्यांना फ्रॅग म्हणतात, आणि ते विकत घेणाऱ्याला या लेखातले फारसे काही करावे लागत नाही. चकतीच्या बुडाला गोंद लावायचा आणि दगडावर दाबायची. परंतु दुकानाच्या टाकीच्या तळाशी काही सुटे जीवही लोळत असतात, वाहतुकीत दगडावरून निखळलेले किंवा स्वतःहून सुटलेले, आणि दुकानदार ते निम्म्याहून कमी किमतीत देऊन टाकतो. माझ्या टाकीतले निम्मे प्रवाळ असे सुटे आणलेले आहेत. भारतात राहून हे वाचणाऱ्यांसाठी इथेच एक गोष्ट सांगून ठेवते: सर्व कठीण प्रवाळे, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले आहे, तेव्हा मुंबई-पुण्यात कोणी काही विकायला आणले तर आधी कायदा पाहावा, मग टाकी.

सुट्या जिवांत सर्वांत अधिक भेटतात ते मशरूम. काटेकोर बोलायचे तर ही मऊ प्रवाळेच नव्हेत. शास्त्रीय वर्गीकरणात ती कठीण प्रवाळांच्या जवळची आहेत, फक्त सांगाडा न बनवणारी. पण वागणुकीने ती मऊच, आणि बसवायला सगळ्यांत अवघड. मांसल चकती, मध्ये तोंडाची फट, खाली आखूड देठ आणि त्याचा पसरट तळवा, एवढाच त्यांचा देह. जागा आवडली नाही, प्रकाश जास्त वाटला, की मशरूम तळवा सोडून देते आणि प्रवाहावर स्वतःला झोकून देते. त्याला रबराने बांधले तर ते रबराखालून निसटते, दोऱ्याने बांधले तर दोरा आरपार जाऊन त्याचे दोन तुकडे होतात, आणि गोंद लावला तर काय होते ते वर सांगितलेच आहे.

मशरूमसाठी मला पटलेला एकच मार्ग आहे आणि त्याला श्रीखंडाचा रिकामा डबा लागतो. डबा गरम पाण्याने धुऊन, साबणाचा अंशही न ठेवता, त्याच्या कडेला तापवलेल्या सुईने भोके पाडायची, म्हणजे पाणी आत-बाहेर खेळत राहते. तळाशी लाइव्ह रॉकचे, म्हणजे जीवजंतूंनी भरलेल्या समुद्री दगडाचे, किंवा मेलेल्या प्रवाळाचे नखाएवढे तुकडे असे पसरायचे की प्लास्टिक कुठेही उघडे दिसणार नाही, कारण मशरूमला गुळगुळीत प्लास्टिकही चालते आणि एकदा का त्याने डब्याचा तळ धरला की सगळी मेहनत पाण्यात. त्यावर मशरूम ठेवायचे. आकसलेल्या गोळ्यात वर कोणते आणि खाली कोणते हे ओळखायला थोडा वेळ द्यावा लागतो: चकतीकडचा भाग रंगाने गडद आणि खडबडीत असतो, मध्ये फटीची पुसट रेघ दिसते; तळव्याकडचा भाग फिका, गुळगुळीत आणि बहुधा एका कडेला फाटलेला असतो. फाटके अंग खाली. मग डब्याच्या तोंडावर नेटचे बारीक भोकांचे कापड ताणून रबर लावायचे आणि डबा टाकीच्या अशा कोपऱ्यात ठेवायचा जिथे पॉवरहेडचा, म्हणजे टाकीत पाणी फिरवणाऱ्या पंपाचा, झोत थेट येत नाही आणि दिव्याचा प्रखर उजेडही पडत नाही.

पुढचे काम न करण्याचे आहे, आणि तेच लोकांना जमत नाही. रोज जाळी काढून मशरूम धरले का हे बोटाने ढकलून पाहणारा माणूस त्याला रोज नव्याने सोडवत असतो. साधारण आठवडाभराने, कधी दोन आठवड्यांनी, जाळीतूनच दिसते की चकती पुन्हा फुगली आहे आणि डबा किंचित हलवला तर तिच्याखालचा खडा तिच्याबरोबर हलतो आहे. आता खडा उचलायचा, मशरूमला बोट न लावता. खड्याची खालची बाजू कागदाने टिपून कोरडी करायची, तिच्यावर वाटाण्याएवढा जेल गोंद घ्यायचा, आणि तो खडा टाकीतल्या मोठ्या दगडावर दाबताना थोडा पिळायचा, म्हणजे पाण्यात शिरताना गोंदावर धरलेले कवच फुटून आतला ताजा गोंद दगडाला भिडतो. पातळ सुपरग्लू इथे उपयोगाचा नाही, तो पाण्यात ढगासारखा पसरतो, जेलच हवा. गोंद अखेर वापरला तो दगडाला दगड जोडण्यासाठी, आणि त्या कामात तो कुठेच कमी पडत नाही.

हवेत काढलेल्या प्रवाळाची लोकांना फार भीती वाटते. माझ्या सासूबाई देवगडच्या. त्या पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा मी ताटलीतल्या तुकड्याकडे पाहत घाईघाईने गोंद शोधत होते. त्या म्हणाल्या, “अगं, कशाला एवढी धावपळ? आमच्याकडे ओहोटीला कातळावर असले गिळगिळीत जीव तासन्‌तास उघडे पडलेले असतात. भरती आली की परत फुलतात.” त्यांचे म्हणणे बरोबर होते. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर झोआंथिड जातीच्या, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या आणि दाटीने वाढणाऱ्या छोट्या जिवांचे गालिचे ओहोटीत उघडे पडतात आणि ऊन सोसतात. टाकीतला मऊ तुकडा पाच-दहा मिनिटे ओल्या ताटलीत राहिला तर त्याला काही होत नाही. उलट तेवढ्या वेळात दगड कोरडा करून काम नीट करता येते.

लेदरचे तंत्र मशरूमपेक्षा अगदी निराळे आहे, कारण त्याला जाडजूड देठ असतो आणि देठाला टोचता येते. बरेच लोक देठातून दात कोरायची लाकडी काडी आडवी खुपसतात आणि काडीच्या दोन्ही टोकांना रबर अडकवून ते दगडाभोवती घेतात. यात रबराचा ताण मांसावर न येता काडीवर येतो, हा त्याचा मोठा गुण. खाऱ्या पाण्यात रबर लवकरच सैल पडते, पण तोवर देठाने दगड धरलेला असतो. नुसते रबर देठावरून आवळणाऱ्यांच्या प्रवाळाला मात्र दोनच गती: सैल असेल तर निसटणे, घट्ट असेल तर कापले जाणे आणि कापलेल्या जागी सडणे.

मला स्वतःला शिवणे अधिक आवडते. मोठ्या लेदरच्या छत्रीचा एक तुकडा मला छाटायचा होता. धारदार पात्याने एका दमात काप घेतला की पाण्यात पांढुरका स्राव सुटतो आणि उग्र वास येतो. त्या स्रावात टर्पीन वर्गातली रसायने असतात, शेजारच्या प्रवाळांना दूर ठेवण्यासाठी बनवलेली, म्हणून छाटकाम टाकीबाहेर वेगळ्या भांड्यात करावे, तुकडा टाकीच्याच पाण्यात खळबळून घ्यावा आणि पुढे काही दिवस फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा ठेवावा. मी माशाच्या गळाला लावतात ती बारीक नायलॉनची तंगुसाची दोरी घेऊन बसले होते, पण सुई आत घालायला हात धजेना. सासूबाईंनी चष्मा लावला.

“आई, तुम्ही राहू द्या, हात खराब होतील,” मी म्हटले.

“आण इकडे. दोरा हा नको, साधा सुती घे, म्हणजे कुजून आपोआप गळेल.”

“सुती दोरा देठाने दगड धरायच्या आधीच कुजला तर?”

यावर त्यांनी क्षणभर विचार केला आणि नायलॉन ओवायला घेतला. मी दिलेले हातमोजे घालून त्यांनी टाका घेतला तो कापलेल्या कडेला नाही, तर तिच्यापासून बोटाच्या एका पेराएवढा वर, जिथे मांस घट्ट आहे. कडेजवळचा टाका तिथले मऊ मांस फाडून बाहेर येतो, हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही. सुई बाहेर काढून दोरा दगडाच्या आरपार भोकातून नेला, परत देठातून घेतला आणि गाठ मारताना मध्ये काडेपेटीची एक काडी ठेवून गाठ बसल्यावर ती काढून घेतली, जेणेकरून तेवढी ढील राहावी. प्रवाळ पुन्हा पाणी भरून फुगणार, तेव्हा आकसलेल्या मापावर आवळलेला दोरा त्याच्या मांसात रुतणार, हे त्या ढिलाईमागचे कारण; फुगणाऱ्या देहाचे माप त्यांनी नुसत्या बोटांनी घेतले होते. त्यानंतर लेदरने पॉलिप मिटले, चकाकी धरली, साल टाकली, आणि पुन्हा उघडले तेव्हा त्याचा देठ दगडावर पसरलेला होता. दोऱ्याचा एक वळसा त्याने मांसाखाली घेतला आहे, तो मी तसाच राहू दिला. त्याचा काही त्रास होत नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात सांगता येईल. ग्रीन स्टार पॉलिपची जांभळी चादर चामड्यासारखी चिवट असते आणि तिला गोंद सहज लागतो, इतका की खरा प्रश्न तिला लावायचा नसून पुढे आवरायचा आहे. ती मुख्य दगडावर कधीही बसवू नये, वाळूत एकटा दगड ठेवून त्यावर बसवावी. केनिया ट्री आपल्या फांद्या स्वतःच गाळते आणि त्या जिथे पडतील तिथे रुजतात. झेनिया, ती हाताच्या मुठी उघडत-मिटत असल्यासारखी हलणारी, गोंदाला अजिबात दाद देत नाही. तिच्या दगडाला खेटून दुसरा दगड ठेवला तर ती आपण होऊन त्यावर चढते, मग दोन्ही दगड वेगळे करावेत. एपॉक्सी पुट्टीबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. ती घट्ट होईपर्यंत स्किमर, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण काढणारे यंत्र, वेड्यासारखा फेसाळून ओसंडतो, आणि तिचा गोळा दगडावर वर्षानुवर्षे गाठ आल्यासारखा दिसतो. जड दगड एकमेकांवर रचायला ती ठीक, प्रवाळाला नको.

झोआंथिड मात्र थोडक्यात उरकण्यासारखे नाहीत. त्यांचे तळ एकमेकांना जोडलेले असतात आणि त्या चिवट तळाला गोंद बऱ्यापैकी लागतो, त्यामुळे बसवायला ते सोपे; पण पॅलिथोआ गटातल्या काहींच्या अंगात पॅलीटॉक्सिन असते, निसर्गात सापडणाऱ्या अत्यंत जहाल विषांपैकी एक. हवाई बेटांत एका भरतीच्या डबक्यातल्या ‘शेवाळा’ने भाल्यांची टोके विषारी करत, अशी जुनी आख्यायिका होती, त्याच जिवातून, जो शेवाळ नसून पॅलिथोआ निघाला, १९७१ साली रिचर्ड मूर आणि पॉल शॉयर यांनी हे विष वेगळे केले. म्हणून झोआंथिड कापताना किंवा दगडावरून खरवडताना हातमोजे आणि चष्मा लागतोच, बोटाला चीर असेल तर काम पुढे ढकलावे, आणि त्यांचा दगड स्वच्छ करण्यासाठी कधीही उकळत्या पाण्यात टाकू नये, कारण वाफेबरोबर विष श्वासात जाऊन घरातल्या माणसांना रुग्णालयात न्यावे लागल्याच्या घटना घडलेल्या आहेत. देवगडच्या कातळावरून अनवाणी फिरलेल्या सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांचा विश्वास बसला नाही, पण हातमोजे त्यांनी काढले नाहीत.

बसवलेले प्रवाळ पुन्हा सुटते त्याला बहुधा आपण जबाबदार नसतो. टर्बो गोगलगाय रात्री दगडावरून सरपटत जाते आणि वाटेत येईल ते ढकलते. साधू खेकडे नव्या तुकड्यावर चढून त्याला उकरतात. म्हणून डब्याची जाळी नुसती प्रवाळाला आत ठेवण्यासाठी नाही, इतरांना बाहेर ठेवण्यासाठीही आहे. जाळीवर गाळ साचू लागला की ती मऊ ब्रशने पुसावी, नाहीतर आत उजेड आणि वाहते पाणी दोन्ही कमी पडते.

एकदा धरल्यावर मात्र कथा उलटते. सिन्युलॅरिया जातीच्या काही प्रवाळांच्या तळाशी चुन्याचे सूक्ष्म काटे एकमेकांना सांधले जाऊन खरोखरचा दगड तयार होतो, आणि समुद्रातल्या भित्तीच्या बांधणीत त्याची भर पडते. घरातल्या लेदरचा देठ दगड बनवत नसला तरी दगडापासून अलग होण्यास साफ नकार देतो. आमच्या सार्कोफायटनची छत्री आता इतकी रुंद झाली आहे की खालच्या मशरूमवर तिची सावली पडते आणि तिला हलवणे भाग आहे. देठ कापून वरचा भाग दुसरीकडे शिवावा, की खालच्या दगडाचा कपचाच छिन्नीने फोडून सबंध झाड उचलावे, यावर घरात एकमत नाही. नवरा छिन्नी घेऊन आला आहे. सासूबाईंनी फोनवर विचारले की सुई कितव्या नंबरची वापरली होती, ती जपून ठेवली आहेस ना.